कवच गळाले तरी जंतू जिवंत!

खास प्रतिनिधी, घोटी

घसा धरतो, ताप भरतो किंवा पायाची जखम चिघळते. डॉक्टर तपासून प्रतिजैविकाच्या गोळ्या लिहून देतात. दोन दिवसांत आराम पडतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात जाऊन पडतात. पंधरवड्याने तेच दुखणे पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी रुग्णाच्या मनात सहसा दोन शंका येतात. एक तर औषध बनावट असावे, नाही तर जंतू औषधाला सरावले असावेत. वैद्यकशास्त्र मात्र तिसरी शक्यताही सांगते. औषध अस्सल होते, जंतूंवर ते लागूही पडत होते. तरीही त्यातील काही जंतू औषधाचा मारा संपेपर्यंत तग धरून राहिले. या तग धरण्याला शास्त्रज्ञ 'सहनशीलता' म्हणतात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची चर्चा वर्तमानपत्रांतून वरचेवर होते. त्या मानाने त्यांचे हे मूक भावंड दुर्लक्षित राहिले आहे.

भिंत कशासाठी?

जिवाणू हा एकपेशीय जीव. त्याच्या पेशीच्या आत क्षार, साखरा आणि प्रथिने दाटीवाटीने भरलेली असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत आत शिरू पाहते आणि आतला दाब वाढतो. काही जातींमध्ये हा दाब हवेच्या दाबाच्या वीसपटीपर्यंत जातो. पेशीचे पातळ पटल एकट्याने तो सोसू शकत नाही. सायकलच्या ट्यूबला जसा टायरचा आधार लागतो, तसा या पटलाला पेशीभित्तिकेचा आधार असतो. ही भित्तिका 'पेप्टिडोग्लायकन' नावाच्या पदार्थाची बनलेली असते. साखरेच्या लांबच लांब साखळ्या आणि त्यांना आडवे जोडणारे प्रथिनांचे आखूड दुवे, अशी तिची जाळीदार वीण असते.

जिवाणू वाढतो तेव्हा या जाळीला सतत छेद द्यावे लागतात आणि त्या जागी नवे धागे विणावे लागतात. कापणे आणि सांधणे ही दोन्ही कामे वेगवेगळी विकरे करतात. पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातील अ‍ॅम्पिसिलीन, अ‍ॅमॉक्सिसिलीन, सेफॅलोस्पोरिन, मेरोपेनेम ही औषधे नेमकी सांधणाऱ्या विकरांना जखडून टाकतात. या औषधांच्या रेणूची घडण भित्तिकेच्या दुव्याच्या टोकाशी मिळतीजुळती असल्याने विकर फसते आणि औषधालाच चिकटून बसते. सांधणे थांबते, कापणे मात्र चालूच राहते. भित्तिकेला भोके पडतात आणि आतल्या दाबाने जंतू फुटतो. व्हॅन्कोमायसिनची तऱ्हा किंचित निराळी. ते विकराला न अडवता भित्तिकेच्या कच्च्या मालालाच कवटाळून बसते. परिणाम मात्र तोच.

माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसते. म्हणूनच अ‍ॅलर्जी असणाऱ्या व्यक्ती वगळता ही औषधे आपल्याला फारशी बाधत नाहीत. साध्या सर्दी-पडशाच्या विषाणूलाही अशी भित्तिका नसते. त्यामुळे सर्दीवर ही औषधे घेणे म्हणजे नसलेल्या भिंतीवर हातोडा मारणे होय.

प्रतिकार वेगळा, सहनशीलता वेगळी

औषधाला प्रतिकार करणारा जंतू औषध असतानाही वाढत राहतो. तो पेनिसिलीनचे तुकडे करणारे विकर तयार करतो किंवा औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतो. असे विकर असल्याचे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे पेनिसिलीन सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वीच, जाहीर केले होते. असा प्रतिकार गुणसूत्रांत किंवा जनुकांच्या सुट्या वेटोळ्यांत नोंदलेला असतो आणि पुढच्या पिढीकडे जातो.

सहनशील जंतू औषध असताना वाढत नाही, पण मरतही नाही. औषधाची मात्रा शरीरातून ओसरली की तो पुन्हा वाढू लागतो. प्रतिकारात प्रश्न असतो तो किती औषध लागेल, हा. सहनशीलतेत प्रश्न असतो तो किती वेळ लागेल, हा. रुग्णाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कारण पहिल्या प्रकारात औषध बदलावे लागते, तर दुसऱ्यात त्याच औषधाचा काळ वाढवावा लागतो किंवा त्याला दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागते.

खाचरातल्या तणाची गोष्ट

ही कल्पना समजून घ्यायला घोटी परिसरातील भातशेतीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव इगतपुरी तालुक्यातील तांदळाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. पाऊस लागला की इथल्या खाचरांत भाताच्या आवणीची लगबग सुरू होते. पुढे बेणणी होते. बेणणीत उगवलेले तण उपटले जाते. परंतु मातीत न रुजता पडून राहिलेले बी हाताला लागतच नाही. चार दिवसांनी ते उगवते आणि शेतकऱ्याला पुन्हा वाकावे लागते. हे नवे तण काही उपटायला अधिक चिवट नसते. पहिल्या खेपेला ते झोपलेले होते, इतकेच.

पेनिसिलीनचे काम या बेणणीसारखे आहे. जो जंतू वाढतो आहे, भित्तिका कापतो आणि विणतो आहे, त्यालाच ते मारू शकते. वाढ थांबवून बसलेल्या जंतूचे कापणेही थांबलेले असते. मग सांधणे अडवून उपयोग काय?

ग्लॅडिस हॉबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये अमेरिकेत हेच पाहिले. पेनिसिलीन वाढत्या जंतूंना मारते, पण थोडे जंतू मागे उरतात, असे त्यांना आढळले. दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या उरलेल्या जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. उरलेले जंतू वेगळे काढून त्यांनी पुन्हा वाढवले, तेव्हा त्यांची पिलावळ पेनिसिलीनला पूर्वीइतकीच बळी पडत असल्याचे दिसले. म्हणजे हे जंतू बदललेले नव्हते. या चिवट उरलेल्यांना बिगर यांनी 'पर्सिस्टर' असे नाव दिले आणि ते आजही रूढ आहे. सगळेच जंतू सावकाश मरत असतील तर ती सहनशीलता आणि मोजकेच मागे उरत असतील तर ते पर्सिस्टर, असा भेद आता शास्त्रज्ञ करतात.

पुण्यातले १९४४ आणि पिंपरीचा कारखाना

बिगर यांचा निबंध आला त्याच वर्षी महाराष्ट्रात पेनिसिलीनचे नाव एका दुःखद प्रसंगी घेतले गेले. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी अत्यवस्थ होत्या. पुत्र देवदास यांच्या प्रयत्नाने त्यांच्यासाठी पेनिसिलीन विमानाने आणवण्यात आले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर अखेरच्या घटकेत त्यांना त्रास देऊ नये, असे मत गांधीजींनी दिले आणि औषध दिले गेले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. त्या काळी पेनिसिलीन किती दुर्मीळ होते, याची कल्पना या प्रसंगावरून यावी.

दहा वर्षांनी चित्र पालटले. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साह्य तिला लाभले होते. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले आणि जे औषध एकेकाळी विमानाने आणावे लागे, ते देशातल्या देशात बनू लागले. आज हेच कूळ तालुक्याच्या गावातील औषधाच्या दुकानात सहज मिळते. दुर्मीळतेची भीती गेली आणि तिच्याबरोबर औषधाविषयीचा धाकही गेला, असे म्हणावे लागेल.

कात्री म्यान करणारे जंतू

झोपी जाणे हा एकच मार्ग जंतूंना ठाऊक आहे असे नाही. पेनिसिलीन सांधणे थांबवते, पण जंतूला प्रत्यक्ष फोडते ती त्याची स्वतःचीच कापणारी विकरे. ती आवरली तर? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील अलेक्झांडर टोमाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये न्यूमोनियाच्या जंतूत हा प्रश्न तपासला. ज्या जंतूंची कापणारी विकरे निकामी होती, त्यांची वाढ पेनिसिलीनने थांबली. परंतु ते फुटले नाहीत. सहनशीलता हा शब्द या अर्थाने तेव्हापासून वैद्यकीय लिखाणात स्थिरावत गेला.

पुढे २०१४ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी आणखी एक बारकावा दाखवला. औषधाच्या माऱ्याखाली इ. कोलाय हा जंतू भित्तिकेचे धागे बनवतो आणि ते लगेच तोडून टाकतो. बनवणे आणि मोडणे यांच्या या निष्फळ फेऱ्यात त्याची शिदोरी संपते. त्यामुळे ज्या जंतूचा हा कारभार मुळातच मंद असतो, तो जास्त काळ तगतो, हे ओघाने आलेच.

पटकीच्या जंतूची करामत

सर्वांत आश्चर्यकारक मार्ग पटकीच्या, म्हणजेच कॉलऱ्याच्या जंतूचा आहे. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा महाराष्ट्राच्या जुन्या पिढीला ठाऊक असेल. त्या साथीमागचा स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतू पेनिसिलीनच्या द्रावणात ठेवला, तर त्याची भित्तिका खरोखरच विरघळते. आकार नाहीसा होऊन त्याचा गोल गोळा होतो. एवढे झाल्यावर तो फुटायला हवा. प्रत्यक्षात बहुसंख्य जंतू त्या गोल अवस्थेत तासन् तास जिवंत राहतात आणि औषध काढून घेतले की नवी भित्तिका विणून मूळ आकारात परततात.

घोटीच्या भात गिरणीत साळीचे तूस निघते आणि पुढे पॉलिश होताना कोंडा व अंकुरही जातो. तो पांढरा तांदूळ पेरला तर उगवत नाही. हा जंतू मात्र टरफल गमावूनही पुन्हा अंकुरतो, असे म्हणता येईल.

अशा जंतूंना भित्तिकेबाहेर आणखी एक पटल असते आणि भित्तिका गेल्यावर तेच त्यांना सावरून धरते. अमेरिकेतील टोबियास डोर, मॅथ्यू वॉल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये या प्रक्रियेतील महत्त्वाचा दुवा प्रसिद्ध केला. या जंतूत धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा असते. भित्तिकेची हानी होताच ती जागी होते आणि भित्तिका बांधणाऱ्या जनुकांना कामाला लावते. ही यंत्रणा काढून टाकलेले जंतू औषधानंतर सावरू शकले नाहीत. पटकीवर पेनिसिलीन देत नाहीत. तिथे जलसंजीवनी, सलाइन आणि गरज पडल्यास दुसऱ्या कुळातील प्रतिजैविक हाच उपचार आहे. या जंतूचे महत्त्व नमुना म्हणून. कारण रुग्णालयांत गंभीर संसर्ग घडवणाऱ्या क्लेबसिएला, एंटेरोबॅक्टर, स्युडोमोनास या जंतूंचे काही वाणही मेरोपेनेमच्या माऱ्यात असेच गोल होऊन तगून राहतात, असे २०१९ मध्ये दाखवले गेले. मेरोपेनेम हे राखीव फळीतील औषध असल्याने ही बाब चिंतेची आहे.

काही जंतू तर भित्तिकेवाचूनच वाढू लागतात. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये एमी क्लाइनबर्गर यांनी १९३५ मध्ये अशी रूपे प्रथम नोंदवली आणि संस्थेच्या आद्याक्षरावरून त्यांना 'एल-रूपे' हे नाव मिळाले. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या वृद्ध रुग्णांच्या लघवीत अशी रूपे आढळल्याचे ब्रिटिश संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्याला भिंतच नाही, त्याला भिंत पाडणाऱ्या औषधाचे काय भय?

जंतू घड्याळ ओळखतात

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील नताली बालाबान यांच्या गटाने २०१४ मध्ये केलेला प्रयोग या विषयाला कलाटणी देणारा ठरला. त्यांनी जंतूंच्या वेगवेगळ्या गटांना रोज ठरावीक वेळ अ‍ॅम्पिसिलीन दिले. एका गटाला तीन तास, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला आठ. मग औषध धुऊन काढून त्यांना वाढू दिले. असे थोडे दिवस चालल्यावर जंतूंनी झोपेतून उठण्याची वेळच बदलली. तीन तास मारा सोसणारे सुमारे तेवढाच वेळ स्वस्थ बसू लागले, आठ तासवाले त्याहून अधिक. औषध सोसण्याची त्यांची मात्रा तसूभरही वाढली नव्हती. फक्त मारा संपेपर्यंत दबा धरून बसणारे वाण शिल्लक राहिले होते.

याच गटाने २०१७ मध्ये पुढचे पाऊल दाखवले. वारंवार तुटक मारा केलेल्या जंतूंत आधी सहनशीलता आली आणि तिच्या पाठोपाठ खरा प्रतिकार. कारण उघड आहे. जे मेले नाहीत, त्यांनाच पुढे बदलायला अवसर मिळतो. हे प्रयोग प्रयोगशाळेतील असले, तरी त्यांचा इशारा स्पष्ट आहे. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंपायी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला होता. त्या वाटेवरचा पहिला टप्पा सहनशीलतेचा असू शकतो.

क्षयरोगाचे सहा महिने

आपल्याकडे या शास्त्राचा सर्वांत मोठा धडा क्षयरोग देतो. क्षयावरील आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉल ही दोन्ही औषधे क्षयजंतूच्या मेणचट भित्तिकेच्या बांधणीवरच घाव घालतात. आयसोनियाझिड पहिल्या काही दिवसांत झपाट्याने वाढणारे जंतू मारते. खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. रुग्णाला बरे वाटू लागते ते इथेच. परंतु फुफ्फुसातील गाठींत मंदावलेले जंतू शिल्लक असतात. त्यांच्यासाठी रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही वेगळ्या ठिकाणी घाव घालणारी औषधे जोडीला द्यावी लागतात. म्हणूनच नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन.

इथे पुन्हा भातशेती आठवते. पेरणीपूर्वी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. त्या धगीने मातीत झोपलेले तणाचे बीही जळते. बेणणी जे करू शकत नाही, ते राब करतो. झोपलेल्या जंतूंपर्यंत पोहोचणारी औषधे हा क्षयोपचारातील राब होय. जंतूच्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालणारे बेडाक्विलिन हे अशांपैकीच एक. त्याचा समावेश असलेली, औषधरोधी क्षयासाठीची सहा महिन्यांची उपचारपद्धती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. पूर्वी या रुग्णांना वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत.

तपासणीत काय दिसते?

सहनशीलता सहजासहजी सापडत नाही, ही खरी अडचण आहे. प्रयोगशाळेत जंतू बशीत पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जंतू वाढले नाहीत, तर औषध लागू पडते, असा अहवाल येतो. त्या मोकळ्या वर्तुळात जंतू मेले आहेत की नुसते दबून बसले आहेत, हे मात्र त्यातून कळत नाही. बालाबान यांच्या गटाने २०१७ मध्ये यावर एक सोपी युक्ती सुचवली. औषध ओसरल्यावर त्याच जागी साखरेची चकती ठेवायची. मोकळ्या वर्तुळात जंतू पुन्हा उगवले, तर ते सहनशील. नित्याच्या तपासणीत ही पद्धत अद्याप रुळलेली नाही.

निरोगी माणसाच्या शरीरात उरलेसुरले जंतू रक्तातील पांढऱ्या पेशी संपवतात. त्यामुळे प्रत्येक दुखण्यात सहनशीलतेचा बाऊ करण्याचे कारण नाही. हृदयाच्या झडपांचा संसर्ग, हाडांचा संसर्ग, शरीरात बसवलेली नळी किंवा कृत्रिम सांधा आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण, या ठिकाणी मात्र ती निर्णायक ठरते. झडपांच्या संसर्गात शिरेतून चार ते सहा आठवडे औषध द्यावे लागते, त्यामागील एक कारण हेच.

रुग्णाने काय करावे?

औषध जितके जास्त दिवस तितके चांगले, असा मात्र याचा अर्थ नाही. साध्या न्यूमोनियात पूर्वी सात ते दहा दिवस दिले जाणारे औषध आता पुष्कळ रुग्णांत पाच दिवसांतही थांबवता येते. किती दिवस, हे जंतू कोणता आणि दुखणे कुठे यावर ठरते आणि ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे. रुग्णाच्या हाती तीन गोष्टी आहेत. दर आठ तासांनी सांगितलेली गोळी दर आठ तासांनीच घ्यावी. कारण भित्तिकेवर घाव घालणाऱ्या औषधांचा परिणाम रक्तातील त्यांची मात्रा किती वेळ टिकते यावर अवलंबून असतो. बरे वाटले म्हणून मधेच थांबायचे असेल, तर डॉक्टरांना विचारूनच थांबावे. आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी किंवा शेजाऱ्यासाठी राखून ठेवू नयेत.

कायद्याचीही येथे साथ आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या परिशिष्टानुसार वरच्या श्रेणीतील अनेक प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण आणि औषध यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. अ‍ॅमॉक्सिसिलीनसारखी औषधे या नोंदवहीत येत नसली, तरी तीही चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आवणीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून दवाखाना टाळून दुकानातून दोनच गोळ्या मागून नेणाऱ्याची अडचण खरी आहे. पण त्या दोन गोळ्यांनी फक्त जागे जंतू मरतात. झोपलेले मागे राहतात आणि पुढच्या खेपेला दवाखान्याची पायरी चढावीच लागते, तीही बहुधा अधिक खर्चाने आणि अधिक बुडालेल्या मजुरीने.